बारावं प्रकरण आमचं नाही

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकमेकांच्या आधी बोलायची घाई करत होता. तुमचा बाबा रोज जेवणानंतर माझी कादंबरी तुम्हाला वाचून दाखवत होता आणि ती आदल्याच रात्री संपली होती. धाकटी म्हणाली, "आजी, शेवट एकदम भारी. म्हातारीनेच सगळं केलेलं." थोरला म्हणाला, "मी हसून हसून पलंगावरून पडलो." मी "हो का" म्हटलं आणि विषय तुमच्या शाळेकडे वळवला. 

तुम्हाला हसू आलं यात तुमची काही चूक नाही. हसू यावं म्हणूनच तो शेवट लिहिला आहे. पण तो मी लिहिलेला नाही. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत आणि त्यातलं एक माझं आहे, म्हणून तुम्हाला हे सांगणं मला भाग आहे. आणि आत्ताच सांगायला हवं. ती म्हातारी तशीच तुमच्या मनात घट्ट बसली, तर मग तिला तिथून हलवता यायचं नाही. तुमच्या बाबालाही यातलं काही ठाऊक नाही. क्रमाने सांगते.

मी पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी एक बाई होती. आम्ही दोघी बोईसरहून एकाच एसटीने जायचो, एकाच डब्यातलं खायचो आणि एकमेकींच्या वर्गावर जायचो. निवृत्त झाल्यावरही ती आठवड्यातून चार वेळा घरी यायची. तुम्ही लहान असताना तुम्हाला शिंकायचं नाटक करून हसवणारी ती हीच. आम्हा दोघींना एकच व्यसन होतं. वीजकेंद्राच्या वसाहतीतली माणसं बदली होऊन जाताना आपली इंग्रजी पुस्तकं रद्दीत देऊन जात. बोईसरच्या रद्दीवाल्याकडून आम्ही त्यातल्या विनोदी गुन्हेकथा उचलून आणायचो. त्यातही आमच्या आवडीचा एक प्रकार होता. कुणीतरी एखादं तळं बुजवत असतो, जंगल कापत असतो, नदीत काहीतरी सोडत असतो आणि त्याला धडा शिकवायला गावातली सगळ्यात चक्रम माणसं एकत्र येतात. शहाणी माणसं आपापल्या कामाला गेलेली असतात, म्हणून हे काम चक्रमांवर येतं. वाचताना आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचो. एकदा मैत्रीण म्हणाली, "अगं, हे सगळं आपल्याकडेही आहे की. खाडी आहे, नाले आहेत, चक्रम तर घरोघरी आहेत. लिहीत का नाही कुणी?"

मग आम्हीच लिहायला घेतलं.

आमच्याकडे चक्रम शोधायला लांब जावं लागलं नाही. आपल्याकडे मासळी घेऊन येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. तिचं माहेर दातिवरे, आणि सासर तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. पाटी उतरवून ती ओट्यावर बसायची, चहा घ्यायची आणि आपल्या सासूच्या गोष्टी सांगायची. सासू तेव्हा नुकतीच वारली होती. नवऱ्याच्या मागे राहिलेला त्याचा रेनकोट ती भर मे महिन्यात घालून फिरायची. खाडीतल्या बगळ्यांना ती भावोजी म्हणायची आणि ते एका पायावर उभे राहिले की "भावोजींचा पाय दुखतो" म्हणून हळहळायची. आणि रोज पहाटे ती खाडीच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची, थुंकायची आणि गावाला सांगायची, आज आंबट हाय, आज साबन हाय, आज कडू हाय, आज जाळी टाकू नका. लोक हसायचे. ज्यांनी हसून जाळी टाकली त्यांना पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे मिळायचे.

एका वर्षी बोय मासे असेच मरून किनाऱ्याला लागले, तेव्हा तिने त्यातला सगळ्यात मोठा उचलला, बांबूची तिरडी बांधली, त्यावर झेंडूची फुलं घातली आणि गावातल्या चार बायकांच्या खांद्यावरून ती तिरडी एका कारखान्याच्या फाटकावर नेली. स्वतः पुढे मडकं धरून. फाटकावरचा रखवालदार नुकताच उत्तरेकडून आलेला. तो उठून उभा राहिला, टोपी काढून हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "माताजी, कौन थे?"

म्हातारी म्हणाली, "मेरा जावई था. बहोत जवान था. पेट में अंडी था."

रखवालदाराने मान खाली घातली. अंडी ऐकून मग वर केली.

मासळीवालीने हे सांगितलं तेव्हा मैत्रिणीच्या हातातला चहा सांडला. मी तिथल्या तिथे विचारलं, "तुझ्या सासूला आमच्या पुस्तकात घेऊ का?"

ती लगेच हो म्हणाली नाही. पाटीतल्या मांदेल्यांवर पाणी मारत बसली. मग म्हणाली, "घ्या बाई. हसा तिला. आमी पन हसायचो. पन तिला खोटी नका पाडू. तिला खोटी पाडनारे लय होते."

"नाही पाडणार," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

मैत्रीण शेजारीच बसली होती. तिनेही मान हलवली. हे मी पाहिलेलं आहे.

कादंबरी तुम्ही ऐकलीच आहे, तेव्हा गोष्ट पुन्हा सांगत नाही. एका कारखान्याचा मॅनेजर नाहीसा होतो आणि त्याचे बूट खाडीच्या चिखलात सापडतात. तपासाला येतो तो मासळीच्या वासाने अंगावर गांधी उठणारा हवालदार, आणि त्याच्या मदतीला जिभेने पाणी चाखणारी म्हातारी. खून आम्ही मुद्दाम ठेवला नाही. दोघींनाही रक्त सोसत नाही. एक प्रकरण मी लिहायचं, एक तिने. लिहून झालं की दर बुधवारी मासळीवालीला ओट्यावर वाचून दाखवायचं. तिच्या दुरुस्त्या असायच्या. "हवालदार भरतीच्या टायमाला चिखलात चालेल कसा? बुडंल तो." किंवा, "सासू माझी असं गोड नाय बोलायची. शिवी घाला बाई थोडी." मी शिवी घालायला बिचकायचे. ती मला शिवी सांगायची आणि मैत्रीण ती हसत हसत लिहून घ्यायची. त्या बुधवारांची मी वाट पाहायचे.

एका गोष्टीवर आम्ही दोघी बरेच दिवस अडलो होतो. नाल्यात रसायन सोडणारा कारखानाच असणार, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पहिल्या पानावर कळतं. मग रहस्य कुठून आणायचं? शेवटी आम्ही ठरवलं की कोणी केलं हे लपवायचंच नाही. ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी मानत नाही. गंमत असेल ती ते कबूल कसं करवलं जातं यात. बाराव्या प्रकरणात मॅनेजर जिवंत सापडतो. पहाटेच्या अंधारात रसायन सोडायच्या नळाची झडप उघडायला तो स्वतः गेलेला असतो, चिखलात कमरेपर्यंत रुतलेला असतो, आणि म्हातारी त्याला बाहेर काढायच्या आधी एकच अट घालते. त्याने बोट बुडवून जिभेला लावायचं आणि आज पाणी कसं आहे ते मोठ्याने सांगायचं. सगळा गाव काठावर उभा. हे ऐकताना मासळीवाली इतकी हसली की पाटीवर डोकं टेकून बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "असं झालं असतं तर."

मैत्रिणीचा मुलगा कुंभवलीच्या बाजूला रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका लहान युनिटात भागीदार आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून थट्टाही चालायची. "तुझ्या लेकाला नको दाखवूस," मी म्हणायचे. "त्याला मराठी वाचायला वेळ कुठे आहे," ती म्हणायची. आमच्या कादंबरीतला कारखाना त्याचा नव्हता. खरं तर कुणाचाच नव्हता. त्यात मलई बर्फीही बनते असं आम्ही दाखवलं होतं.

मुंबईच्या एका प्रकाशकाने पुस्तक घेतलं. तपासायची मुद्रितं आली तेव्हा आम्ही ती उत्तरपत्रिकांसारखी वाटून घेतली. तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून समजावून सांगते. शाळेत एका परीक्षेचे पेपर दोन शिक्षकांत वाटले की पहिला गठ्ठा एकीचा, दुसरा दुसरीचा. सहकाऱ्याने तपासलेला पेपर पुन्हा उघडून पाहणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. उभ्या नोकरीत आम्ही दोघींनी एकमेकींचा गठ्ठा कधी उघडला नाही. पहिली सहा प्रकरणं माझ्याकडे आली, पुढची सहा तिच्याकडे. तिने आपला गठ्ठा परस्पर प्रकाशकाला पाठवला आणि मला सांगितलं, "स्वल्पविराम फार होते गं. बाकी ठीक." छापील पुस्तक हातात आलं तेव्हा मी माझी सहा प्रकरणं पुन्हा वाचली. पुढची तर आम्हाला पाठच होती.

पुस्तक आल्यावर मी एक प्रत मासळीवालीला दिली. तिने ती पदराने पुसली आणि पाटीत न ठेवता काखेत धरून नेली. त्यानंतर ती यायची थांबली.

पहिल्यांदा वाटलं, समुद्र खवळला असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग शेजारच्या इमारतीत तिच्याकडूनच घेतलेले निवटे शिजतायत असं कळलं. ती गल्लीत येत होती. आमच्या फाटकावरून पुढे जात होती. एका सकाळी मी रस्त्यावर जाऊन तिला अडवलं.

"अगं, मी काय घोडं मारलंय तुझं?"

तिने पाटी खाली उतरवली नाही. डोक्यावर ओझं तसंच ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या सुनेने वाचून दाखवलं सगल्यांना. बी.ए. झालीय ती. घरात लोक जमले होते, म्हातारीचं पुस्तक आलं म्हनून. तुमी तर तिला चोर केली."

मला काही कळेना. "कोणी केलं चोर?"

"शेवटाला वाचा तुमीच," ती म्हणाली आणि पुढच्या इमारतीकडे वळली.

घरी येऊन मी बारावं प्रकरण उघडलं. तुम्ही ऐकलंत तेच तिथे होतं. पाण्यात काहीच नव्हतं म्हणे. मासे मरत होते कारण म्हातारीच दृष्ट काढायला म्हणून रोज पहाटे डबाभर फिनेल खाडीत ओतत होती. मॅनेजर बिचारा तिला अडवायला गेला आणि चिखलात रुतला. हवालदार हसतो, मॅनेजर हसतो, म्हातारी जीभ चावते, आणि कारखान्याच्या बागेत सगळ्यांना वडे मिळतात. वाक्यं सफाईदार होती. विनोदही जमले होते. ते विनोद मी ओळखले. जिभेला पाणी लावण्याचा, भावोजी बगळ्यांचा, रेनकोटचा, सगळे आमच्या ओट्यावरचे. फक्त आता ते म्हातारीच्या बाजूने न उभे राहता तिच्याकडे बोट दाखवत होते.

दुपारीच मी मैत्रिणीकडे गेले. तिने दार उघडलं, माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "बस. चहा टाकते."

"चहा नको. हे कधी केलंस?"

"मुद्रितं आली तेव्हा." ती समोर बसली. "हे बघ, पहिल्या पानावर जो गुन्हेगार वाटतो तोच शेवटी निघाला तर त्याला काय कादंबरी म्हणायची? तूच सांग. आपण इतकी वाचली. धक्का नको का?"

"आपण यावर बोललो होतो. ठरलं होतं."

"तू ठरवलंस. मी हो म्हटलं."

"लेकाने वाचलं का?"

ती खिडकीतून वाळत घातलेले टॉवेल पाहत बसली. मग म्हणाली, "त्याने वाचायला मागितलं. काय सांगू मी त्याला? म्हणाला, आई, लोक माझंच युनिट समजतील."

"त्यात त्याचं काही नव्हतं."

"तो म्हणतो, सगळे आपापलं समजतील."

"मग मला सांगायचं होतंस. नाव बदललं असतं, कारखान्याचं काहीही केलं असतं. नसतं छापलं. म्हातारीला कशाला धरलंस?"

"अगं, म्हातारी वारलेली आहे." हे ती समजुतीच्या सुरात म्हणाली. नापास झालेल्या मुलाच्या आईशी ती याच सुरात बोलायची. "आणि विनोदी तर आहे सगळं. कोण इतकं मनावर घेतंय?"

"तिच्या सुनेने घेतलं. आपल्या मासळीवालीने."

"ती थोडीच वाचणार होती."

बाळांनो, मी तिथून उठले ते या वाक्यावर. लेकासाठी आई काय काय करते हे मला कळतं. कादंबरीत धक्का हवा हेही मान्य. पण हिने दर बुधवारी त्या बाईशेजारी बसून चहा घेतला होता, तिच्या शिव्या हसून उतरवून घेतल्या होत्या, आणि त्या सगळ्या काळात मनात हिशेब पक्का होता की ही काही वाचणार नाही. जिना उतरताना तिने वरून हाक मारली, "अगं, छत्री राहिली." मी मागे वळले नाही. ती छत्री अजून तिच्याकडेच आहे.

प्रकाशकाला मी कळवलं. पुस्तक छापून दुकानांत गेलेलं होतं, आणि दुसऱ्या लेखिकेच्या संमतीशिवाय मजकूर बदलता येणार नाही असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. पुढच्या आवृत्तीत माझं नाव तेवढं काढता येईल. काढा म्हटलं. पुढची आवृत्ती अजून निघालेली नाही.

मग मी खाडीच्या गावाला गेले. रिक्षा गावाच्या तोंडाशी सोडली. मासळीवाली अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील लटकवत होती. सून आणि शेजारच्या दोन बायका सोबत होत्या. कुणी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं की शेवट मी लिहिलेला नाही, मला न विचारता बदलला, माझ्या मैत्रिणीने बदलला.

ती बोंबलांची तोंडं एकात एक अडकवत राहिली. "त्या बाईंचा मला राग नाय," ती म्हणाली. "त्या माझ्या कोन? शब्द तुमी दिला होता."

मी पिशवीतून आमचं मूळ बारावं प्रकरण काढलं आणि विचारलं, वाचू का. सून म्हणाली, "वाचा ना आजी." मी वाचलं. मॅनेजर चिखलात रुतला तिथे शेजारणी फिदीफिदी हसल्या. त्याने बोट जिभेला लावलं तिथे एकजण म्हणाली, "आता कसं लागतंय रं बाबा?" आणि सुनेनेही तोंडाला पदर लावला. मासळीवाली हसली नाही. तिचं काम थांबलं मात्र होतं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं हाय. पन हे कागदाव हाय. ते पुस्तकात छापलंय. बाजारात म्हावरं विकायला बसते तर बायका मला विचारतात, तुझी सासू फिनेल ओतायची काय गं?"

"मी काय करू, सांग."

"काय करनार तुमी." तिने ते चिडून म्हटलं नाही. आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. त्याचा शेवटचा भाग नव्हता. पानं मुळापासून नीट फाडलेली होती, दोरा निघू न देता. "अकरापरेंत ठेवलंय," ती म्हणाली. "अकरापरेंत ती आमची म्हातारी हाय. जावयाची तिरडी हाय त्यात. नातवंडांना दाखवीन. फुडचं चुलीत गेलं."

मी मूळ प्रकरणाचे कागद तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत. सुनेने घेतले आणि घडी न घालता आत नेले. ते त्या पुस्तकाला जोडले गेले की नाही मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

आता ती पुन्हा आपल्या फाटकाशी थांबते. मासळी देते, भाव नेहमीचा सांगते, ओट्यावर येत नाही. मैत्रीण आणि मी बाजारात दिसलो तर मान हलवतो. बुधवारी कुणी येत नाही. तुम्ही सुट्टीत आलात तर तिच्यापुढे शेवटाचा विषय काढू नका, आणि हसलो होतो हेही सांगू नका.

तुमच्याकडच्या प्रतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. मूळ शेवटाची नक्कल यासोबत पाठवते आहे. बाबाला वाचून दाखवायला सांगा. बाकी पहिली अकरा प्रकरणं जशी आम्ही तिघींनी ओट्यावर बसून केली तशीच छापलेली आहेत. त्यांतला एकही शब्द कुणी बदललेला नाही. मी तपासून पाहिलं आहे.